कौंटीचा रेडिओ बदलायचाय? आधी वही काढा, टॉवरचं नंतर बघू

अमेरिकेत एखादी कौंटी (आपल्या जिल्ह्यासारखा भाग) वाढायला लागली की सगळ्यांना दिसतात त्या नव्या शाळा, रुंद केलेले रस्ते, शेतांच्या जागी उठलेल्या वसाहती आणि गोदामं. पोलीस, फायर आणि अँब्युलन्सचा रेडिओ मात्र पंधरा-वीस वर्षांपूर्वीच्या नकाशावरच चाललेला असतो. अशाच एका कौंटीच्या रेडिओ बदलात मी होतो (नाव नको, लोक अजून तिथेच कामाला आहेत), आणि दोन-चार जणांनी विचारलं की आमच्याकडेही हेच चाललंय, सुरुवात कुठून करू, म्हणून एकदाच लिहून टाकतो.

सुरुवात कंपनीच्या प्रेझेंटेशनने करू नका. एक साधी वही घ्या आणि डिस्पॅचर (फोन घेऊन गाड्या पाठवणारे), शेरीफचे डेप्युटी (कौंटीचे पोलीस), फायरवाले, सगळ्यांना एकच विचारा, आवाज कुठे जात नाही? आमच्याकडच्या एका डेप्युटीने सांगितलं की ओढ्याकाठच्या त्या वळणावर गाडीत असेपर्यंत सगळं ठीक असतं, पण खाली उतरून चार पावलं गेलो की कमरेचा सेट मुका, मग काही सांगायचं असलं तर परत गाडीकडे पळायचं. गाडीतला रेडिओ साधारण ३५ वॅटचा, वर छतावर अँटेना, आणि कमरेचा सेट ७००-८०० मेगाहर्ट्झला जेमतेम ३ वॅटचा, तोही अंगाला चिकटलेला, म्हणजे फरक पडणारच. अशा जागा पत्त्यासकट लिहून घ्या, ही वही शेवटपर्यंत लागणार आहे.

वहीत दोन प्रकारच्या तक्रारी येतील, त्या वेगळ्या ठेवा. एक, सिग्नलच नाही. दुसरी, सिग्नल आहे पण बटण दाबलं की बिझीचा टोन येतो, म्हणजे चॅनल भरलेत. पहिलीला टॉवर लागतात, दुसरीला चॅनल, आणि ह्या दोन्हींची खिचडी झाली की पैसे भलतीकडेच जातात. चॅनलच्या बाबतीत आता बहुतेक जण पी२५ ट्रंकिंगकडे जातात (पी२५ हे पोलीस-फायरच्या डिजिटल रेडिओचं स्टँडर्ड, आणि ट्रंकिंग म्हणजे मोजके चॅनल सगळ्यांत सामाईक, मोकळा असेल तो सिस्टिम देते). हे स्टँडर्ड १९८९ साली सुरू झालेल्या कामातून आलं, आणि त्याच्या फेज २ मध्ये साडेबारा किलोहर्ट्झच्या एकाच चॅनलवर आळीपाळीने दोन बोलणी बसतात, त्यामुळे तेवढ्याच फ्रिक्वेन्सीत जवळपास दुप्पट काम होतं. पण तुमचे जुने सेट फेज १ चेच असतील तर ते फेज २ च्या बोलण्यात येऊ शकत नाहीत, आणि असा एक जरी सेट एकत्र बोलणाऱ्या ग्रुपमध्ये आला तरी तो ग्रुप फेज १ वर उतरू शकतो. म्हणून आधी सेट मोजा. २०१३ च्या जानेवारीपर्यंत व्हीएचएफ-यूएचएफ ह्या खालच्या फ्रिक्वेन्सीवाल्यांना एफसीसीच्या (फ्रिक्वेन्सी वाटणारं सरकारी खातं) नियमाने नॅरोबँड व्हावं लागलं, म्हणजे चॅनल अरुंद करावे लागले, तेव्हा घाईत घेतलेले सेट अजून कपाटात सापडतात.

मीटिंगमध्ये कोणीतरी कमिशनर (कौंटीच्या मंडळावर निवडून आलेला) हमखास विचारतो की सगळ्यांकडे फोन आहेत, फर्स्टनेट (पोलीस-फायरसाठीचं मोबाईल नेटवर्क) आहे, मग हा लाखो डॉलरचा खर्च कशाला? उत्तर तयार ठेवा. फर्स्टनेटचा कायदा २०१२ चा, २०१७ मध्ये एटी अँड टी ह्या फोन कंपनीला काम मिळालं, आणि डेटा, नकाशे, व्हिडिओ ह्यासाठी ते उत्तमच आहे. पण तळघरात अडकलेल्या फायरवाल्याला बाहेरच्या कॅप्टनशी टॉवरशिवाय, सेट टू सेट बोलायचं असतं, ते काम रेडिओ करतो. दोन्ही ठेवा, एकाच्या जागी दुसरं नको.

आता सगळ्यात महत्त्वाचं, कंत्राटातलं ते एक वाक्य. कंपनी लिहिते "कौंटीभर ९५ टक्के कव्हरेज". कशाचं ९५ टक्के? गाडीतल्या रेडिओचं की कमरेच्या सेटचं, रस्त्यावर की घराच्या आत, टॉवरकडून ऐकू येणं की टॉवरपर्यंत पोचणंही? हे सगळं उलगडून लिहा, आणि आवाजाचा दर्जाही घाला. त्याला डीएक्यू म्हणतात, ३.४ म्हणजे क्वचितच "पुन्हा सांगा" म्हणावं लागतं. कौंटीचे चौकोन पाडायचे, प्रत्येक चौकोनात टेस्ट करायची आणि झाडांना पानं असताना करायची, कारण हिवाळ्यात पास झालेला रस्ता उन्हाळ्यात नापास होतो. वहीतल्या मेलेल्या जागा टेस्टच्या यादीत वेगळ्या टाका, नाहीतर त्या नेमक्या उरलेल्या ५ टक्क्यांत जाऊन बसतात!

वाढत्या कौंटीचं अजून एक. कव्हरेजचा नकाशा आजच्या लोकवस्तीवर काढू नका, प्लॅनिंग खात्याकडून मंजूर झालेल्या वसाहतींचा आणि गोदामांचा नकाशा मागवून घ्या. नव्या इमारतींच्या काचांवर उष्णता अडवायला धातूचा पातळ थर असतो, तो रेडिओचा सिग्नलही अडवतो. प्रत्येक मोठ्या इमारतीसाठी टॉवर उभारणं काही शक्य नाही, त्यासाठी फायर कोड आहे. इंटरनॅशनल फायर कोडच्या कलम ५१० मध्ये इमारतीच्या आत रेडिओ चालला पाहिजे असं आहे, नाही चालला तर मालकाने स्वतःच्या पैशाने अँप्लिफायर बसवायचा. हा नियम गोदामं यायच्या आधी लागू करा, नंतर बिल्डर ऐकत नाहीत. फक्त अँप्लिफायर कौंटीला विचारल्याशिवाय चालू होऊ देऊ नका, चुकीचा बसला तर पूर्ण टॉवरच्या कानात शिट्टी वाजते.

टॉवरच्या जागा सगळ्यात आधी धरा, कारण वेळ तिथेच जातो. २०० फुटांच्या वर गेलात की एफएएला (विमान वाहतुकीचं सरकारी खातं) कळवायचं, शिवाय पर्यावरण, ऐतिहासिक जागा, मूळ अमेरिकन जमातींशी सल्लामसलत आणि शेजारी, हे सगळं निस्तरावं लागतं. (आणि ऑस्प्रे नावाच्या मासेखाऊ घारीला टॉवर फार आवडतात, अंडी-पिल्लं असतील तर घरट्याला हात लावता येत नाही, कामगार खाली बसून राहतात.) जास्त टॉवर म्हणजे जास्त चांगलं, असंही नाही. सायमलकास्टमध्ये सगळे टॉवर एकाच फ्रिक्वेन्सीवर एकाच वेळी बोलतात, वेळ जीपीएसने जुळवलेली असते, पण दोन टॉवरचे सिग्नल सारख्याच जोराने आणि वेळेच्या फरकाने आले की मैदानाच्या दोन टोकांना लावलेल्या भोंग्यांसारखं होतं, आवाज मोठा पण शब्द कळत नाहीत. सेटवर सिग्नलच्या दांड्या फुल आणि बोलणं खरखर, अशी तक्रार आली तर आधी हेच बघा.

सेट निवडताना ब्रोशर बाजूला ठेवा आणि ज्यांना वापरायचाय त्यांच्या हातात द्या. आम्ही एका शाळेच्या तळघरात कॅप्टनला पूर्ण कपड्यात, मास्क लावून उभं केलं, शेजारी करवत चालू केली आणि म्हटलं बोला. डिस्पॅचरला ऐकू आली ती करवत, माणूस नाही. डिजिटल रेडिओ आवाजाचं गणित करून पाठवतो आणि गोंगाटात ते गणित चुकतं, २००८ मध्ये फायर चीफ लोकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने ह्याच विषयावर अहवाल काढला होता. नवे सेट पुष्कळ सुधारलेत, तरी माईक तोंडापासून किती लांब धरायचा आणि नॉइजची सेटिंग काय ठेवायची हे तिथेच ठरवा. जाड हातमोज्यात नॉब फिरतो का, तेही बघा. आमच्याकडचे एक दोन मॉडेल तेवढ्यावरच बाद झाले.

टॉकग्रुप (एकमेकांशी बोलणाऱ्यांचे गट) कोणाला कुठले द्यायचे हे काम कंटाळवाणं आहे आणि भांडणं सगळी इथेच होतात, त्यामुळे महिनोन्महिने आधी बसा. शेजारच्या कौंट्यांना त्याच टेबलावर बोलवा. सगळ्या सेटमध्ये ८कॉल९० आणि ८टॅकसारखे देशभर सामाईक असलेले चॅनल टाका, आणि एन्क्रिप्शन (बोलणं बाहेरच्याला कळू नये असं करणं) करायचंच असेल तर सगळ्यांनी एईएस-२५६ हे सामाईक स्टँडर्डच घ्या. सेटबरोबर स्वस्तात मिळणारं कंपनीचं खासगी एन्क्रिप्शन शेजाऱ्याच्या वेगळ्या ब्रँडला ऐकू येईलच असं नाही, मग मदतीला आलेला माणूस बहिरा.

बदल एका रात्रीत करू नका. एक एक खातं हलवा, जुनी आणि नवी सिस्टिम काही दिवस जोडून ठेवा, आणि पहिलं खातं असं निवडा की गडबड झाली तर निभेल. नव्या सेटच्या केशरी इमर्जन्सी बटणाला पहिल्या आठवड्यात भरपूर चुकून हात लागतो, डिस्पॅचला आधीच सांगून ठेवा, पण प्रत्येक वेळी विचारपूस झालीच पाहिजे. मग वही उघडून तोच डेप्युटी, तेच ओढ्याकाठचं वळण, गाडीतून उतरून चार पावलं, बोलायला सांगा. आमचं पहिल्यांदा जमलं नाही, अँटेनाचा झुकाव बदलावा लागला.

आणि जुना व्हीएचएफ लगेच बंद करायची घाई नको, स्वयंसेवक फायरवाल्यांचे पेजर बऱ्याच ठिकाणी अजून त्याच्यावरच वाजतात. लायसन्स सोडायच्या आधी रात्री अडीचला एक टेस्ट पेज सोडा आणि कोण कोण उठलं ते मोजा.