नाशिकच्या सहलीची माहिती नोट्स अ‍ॅपमध्ये ठेवताय? या चुका टाळा

नाशिकला येणाऱ्या पाहुण्यांचे फोन आम्हा नाशिककरांना बाराही महिने येतात. हल्ली बहुतेकांनी निघण्याआधीच भरपूर माहिती जमवलेली असते. कुणी गुगल कीपमध्ये, कुणी वननोटमध्ये, कुणी फोनबरोबर आलेल्या साध्या नोट्समध्ये. तरीही त्र्यंबकच्या स्टँडवरून फोन येतोच, "दादा, परतीची शेवटची गाडी किती वाजता?" उत्तर त्यांच्याच फोनमध्ये कुठेतरी असतं, पण ऐन वेळी हाती लागत नाही. असं होण्याची कारणं बहुतेक वेळा तीच ती असतात.

एकाच जागेची चार नावं

मराठी माणसाच्या नोट्समध्ये सगळ्यांत मोठा घोळ लिपीचा आणि शुद्धलेखनाचा होतो. एक नोट देवनागरीत, दुसरी घाईत रोमन लिपीत टाइप केलेली, तिसरी कुठून तरी कॉपी केलेली. अ‍ॅपचा सर्च साधारणपणे अक्षराला अक्षर जुळवून पाहतो. 'त्र्यंबकेश्वर' शोधलं की 'त्रिंबक' लिहिलेली नोट येईलच असं नाही आणि रोमन लिपीतली तर बहुधा येतच नाही. सप्तशृंगीला बरेच जण 'सप्तश्रृंगी' लिहितात, काही जण नुसतं 'वणी' लिहून मोकळे होतात. त्यातून आणखी गोंधळ होतो, कारण वणी गाव खाली आहे आणि देवीचा गड वेगळा. हरिहर किल्ल्याला हर्षगडही म्हणतात. पांडवलेणी आणि त्रिरश्मी लेणी एकच.

याहून फसवी गोष्ट म्हणजे दिसायला सारखी, पण आतून वेगळी अक्षरं. 'पायऱ्या' या शब्दातला अर्धा र वेगवेगळे कीबोर्ड वेगवेगळ्या संकेतांनी लिहितात. डोळ्यांना फरक कळत नाही, सर्चला कळतो. म्हणून शब्द समोर दिसत असूनही सापडला नाही तर अ‍ॅपला दोष देण्याआधी त्याचा छोटा तुकडा शोधून पाहा, 'पायऱ्या'ऐवजी नुसतं 'पाय'.

कायमचा उपाय सोपा आहे. प्रत्येक नोटच्या पहिल्या ओळीत त्या जागेची सगळी प्रचलित नावं लिहा आणि शेवटी रोमन लिपीतलं एक स्पेलिंग जोडा. सप्तशृंगी, सप्तश्रृंगी, वणी, गड असं सगळं एका ओळीत. दिसायला विचित्र दिसेल, पण कुठल्याही शब्दाने शोधलं तरी नोट वर येईल. अंक मराठी की इंग्रजी, हेही एकदा ठरवून टाका.

स्क्रीनशॉटचं दुखणंही याच जातीचं. स्थानकावरच्या वेळापत्रकाचा फोटो नोटमध्ये टाकला म्हणजे वेळापत्रक लिहिलं गेलं असं नाही. गुगल लेन्सने छापील देवनागरी मजकूर उचलता येतो, तो नोटमध्ये चिकटवा. मात्र अंक स्वतः ताडून पाहा. जुनाट बोर्डावर १ आणि ९, ५ आणि ६ यांची अदलाबदल सहज होते आणि गाडी चुकायला तेवढं पुरतं.

तारीख नसलेली माहिती

ही चूक मला सगळ्यांत जास्त खटकते, कारण नाशिक झपाट्यानं बदलतंय. मुंबईहून किती वेळ लागतो, ही नोट बघा. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ ला खुला झाला. त्याआधी कुणी लिहिलेला वेळ कसारा घाटाच्या हिशेबाचा. नोटवर तारीख नसेल तर तो हिशेब कधीचा, हे कळणार कसं? प्रत्येक माहितीपुढे दोन गोष्टी लिहा: कुठून मिळाली आणि कधी मिळाली. 'मंदिराच्या फलकावरून, जानेवारी' एवढं पुरे.

ऋतूही लिहा. पावसाळ्यातलं हिरवंगार हरिहर रीलमध्ये पाहून मार्चमध्ये येणाऱ्यांना उघडा, तापलेला कातळ भेटतो. नांदूर मध्यमेश्वर हे महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. तिथले स्थलांतरित पक्षी पाहायचे तर हिवाळ्यात जायला हवं. त्र्यंबकला श्रावणी सोमवारी, त्यातही तिसऱ्या सोमवारी, ब्रह्मगिरीच्या प्रदक्षिणेसाठी लोटणारी गर्दी एरवीच्या दिवसांच्या नोटमध्ये कशी दिसणार?

सिंहस्थाला येणाऱ्यांनी तर जास्तच जपावं. जाहीर झालेल्या तारखांप्रमाणे पहिली दोन अमृतस्नानं २ ऑगस्ट आणि ३१ ऑगस्ट २०२७ ला आहेत. तिसरं मात्र नाशिकला रामकुंडावर ११ सप्टेंबरला आणि त्र्यंबकेश्वरी कुशावर्तावर १२ सप्टेंबरला. दोन्ही गावं एकाच नोटमध्ये कोंबली की हा एका दिवसाचा फरक हमखास निसटतो. दोन गावांच्या दोन नोट्स करा आणि निघण्याआधी तारखा पुन्हा पडताळा.

'नाशिक स्टँड' एवढंच लिहिणं

जुनं सीबीएस (सेंट्रल बस स्टँड), मेळा, ठक्कर बाजार, महामार्ग ही सगळी एसटीची वेगवेगळी स्थानकं. सिटीलिंकची शहर बससेवा त्याहून निराळी. रेल्वेने आलात तर उतरायचं नाशिक रोडला आणि तिथून पंचवटी सुमारे दहा किलोमीटर. नोटमध्ये स्थानकाचं पूर्ण नाव लिहा, नाहीतर रिक्षावाला विचारेल तेव्हा तुम्हीच गोंधळाल.

नोट्सचे गट पाडायला अ‍ॅपमध्ये लेबलं लावता येतात, ती कमी ठेवा. गुगल कीपमध्ये जास्तीत जास्त ५० लेबलं करता येतात आणि प्रत्येक देवळाला, प्रत्येक मिसळीच्या दुकानाला एकेक देत गेलात तर ती संपतील. सहलीचं एक, राहण्याचं एक, वाहतुकीचं एक, खाण्याचं एक. बाकीचं काम सर्चवर सोडा.

ठरलं काय, तेच न लिहिणं

गोदाकाठची सात हॉटेलं, त्यांचे दर, त्यांचे फोटो, सगळं असतं; शेवटी कुठलं घेतलं ते मात्र व्हॉट्सअ‍ॅपवर काकांनी लिहिलेलं असतं. 'ठरलेलं' नावाची एकच नोट करून ती वर पिन करा. त्यात निवड झालेल्याच गोष्टी: गाडी, खोली, आरक्षण, कोण कुठे भेटणार. ती घरच्यांबरोबर शेअर करा, पण बदल एकानेच करायचे असं ठरवा. रेंज नसताना दोघांनी तीच नोट बदलली तर एकाचं लिखाण जाऊ शकतं. शेअर केलेल्या नोटमध्ये आधार कार्डाचा फोटो नको. तो आयफोनच्या किंवा सॅमसंगच्या नोट्समध्ये कुलूप लावून ठेवता येतो.

नोट उघडतच नसेल तर

आधी पाहा, अ‍ॅपमध्ये कुठलं खातं चालू आहे. ऑफिसच्या आणि घरच्या खात्यांची गल्लत फार होते. मग अर्काइव्ह तपासा, त्यानंतर कचरापेटी. कीपच्या कचरापेटीत नोट ७ दिवसच राहते, त्यामुळे ही तपासणी लांबणीवर टाकू नका. दोन फोनवर वेगवेगळं दिसत असेल तर बॅटरी सेव्हर आणि डेटा सेव्हर बंद करून अ‍ॅप वायफायवर थोडा वेळ उघडं ठेवा.

घाटात, गडावर, किल्ल्यांच्या पायथ्याशी रेंजचा भरवसा नाही. नुसती लिंक जपून ठेवली असेल तर तिथे ती उघडणार नाही, म्हणून कामाच्या दोन ओळी नोटमध्येच उतरवा. नोशनसारख्या अ‍ॅपमध्ये हवं ते पान ऑफलाइनसाठी आधी उतरवून ठेवावं लागतं. गुगल मॅप्सचा नकाशाही उतरवा, पण ऑफलाइन असताना तो गाडीचा रस्ता दाखवतो, पायवाट नाही. हरिहरच्या पायथ्यापुढे त्याचा उपयोग नाही. आदल्या रात्री घरातच फोन विमान मोडवर टाकून 'ठरलेलं' ही नोट, तिकिटाचा फोटो आणि नकाशा उघडून पाहा. जे उघडणार नाही ते तेव्हाच वायफायवर पुन्हा उतरवून घ्या. ज्येष्ठ मंडळी बरोबर असतील तर तीच नोट एका कागदावर लिहून त्यांच्या पिशवीत द्या.