जिप्सम बोर्डाचे सांधे: पुट्टीआधी फटी कशा भरायच्या, टेप कशी लावायची

फॉल्स सीलिंगला रंग लागला आणि पहिल्याच उन्हाळ्यात दोन बोर्डांच्या मधून दोरी धरल्यासारखी सरळ चीर गेली, तर पुट्टीवाल्याला बोल लावून उपयोग नसतो. पुट्टीचा थर एक-दोन मिलिमीटरचा. दोन बोर्ड एकमेकांना धरून ठेवण्याची ताकद त्यात येणार कुठून? ते काम टेपचं, म्हणजे सांध्यावर चिकटवायच्या कागदी पट्टीचं, आणि तिच्याखालच्या जॉइंटिंग कंपाउंडचं, म्हणजे सांधे भरायच्या लगद्याचं. चीर गेल्यावर वरून कितीही पुट्टी फिरवा, ती पुन्हा येते.

आधी सामान. १० बाय १२ फुटांच्या खोलीला ६ बाय ४ चे पाच बोर्ड लागतात. सांधे एका रेषेत न आणता मधल्या रांगेत अर्ध्या बोर्डाने सुरुवात केली, तर बोर्डांमधले सांधे ३८ फूट भरतात आणि भिंतीलगतची कड ४४ फूट. म्हणजे टेप साधारण २५ मीटर, वर थोडी वाया जाणारी धरा. जॉइंटिंग कंपाउंड चार-पाच किलो पुरतं. माल पसरायला ४, ८ आणि १२ इंची पत्र्याच्या पट्ट्या, स्वच्छ बादली, १५० नंबरचा पॉलिश पेपर. कंपाउंडच्या जागी व्हाइट सिमेंटची पुट्टी किंवा नुसतं पीओपी चालवणारे मिस्तरी भेटतात. स्वस्त पडतं, पण सांध्यात ते ठिसूळ राहतं, जरा हालचाल झाली की तुटतं.

कंपाउंड दोन प्रकारचं मिळतं. पावडर पाण्यात कालवली की रासायनिक क्रियेने घट्ट होते आणि आकसत जवळजवळ नाही. तयार बादलीतलं फक्त पाणी उडून वाळतं, त्यामुळे आकसतं. फटी भरायला आणि टेप बसवायला पावडर घ्या. तयार माल शेवटच्या हातासाठी ठेवा.

टेप लावण्याआधी बोर्डावरून हात फिरवा. स्क्रूचं डोकं कागदाच्या किंचित आत हवं, पण कागद फाटलेला नको. फाटला असेल तर तो स्क्रू धरत नाही, दीड-दोन इंचांवर दुसरा मारा. बोट दाबल्यावर बोर्ड हलत असेल, तर आधी चॅनेलला, म्हणजे वरच्या चौकटीच्या पट्टीला घट्ट करा.

बोर्डाच्या लांब कडा कारखान्यातूनच उतरत्या येतात, टेप त्या खोलगटात बसते. आखूड कडा मात्र चौकोनी असतात आणि फुगवटा दिसतो तो तिथेच. या कडांना कटरने ४५ अंशांत छोटी खाच द्या, सुटा कागद कापून टाका, भुकटी ब्रशने झाडा. भुकटीवर कंपाउंड चिकटत नाही. लांबीत कापलेल्या बोर्डाची कापलेली कड भिंतीकडे टाकली, तर मधे उतरती कड मिळते आणि एक कटकट वाचते.

तीन मिलिमीटरपेक्षा मोठी फट टेपखाली तशीच सोडू नका. आधी कंपाउंड पट्टीने आतपर्यंत दाबून भरा, पातळीला खरवडा आणि पूर्ण सेट होऊ द्या. घाईने ओल्यावरच टेप मारली, तर खालचा माल बसतो आणि टेप त्याच्याबरोबर आत ओढली जाते.

मग सांध्यावर चार इंच रुंद, दोनेक मिलिमीटर जाड थर द्या. पेपर टेपच्या मधल्या घडीची उंच बाजू बोर्डाकडे ठेवा, सांध्याच्या मधोमध चिकटवा आणि पट्टी थोडी तिरकी धरून मधून टोकांकडे ओढा. जास्तीचा माल बाहेर यावा, पण टेपखाली पातळ थर राहायलाच हवा. सगळा निपटून काढला तर टेप कोरडी पडते आणि वाळल्यावर फोड येतात. फोड आलाच तर तेवढा तुकडा कापून नवा लावा, वरून लपवू नका. जाळीची टेप स्वतःच चिकटते म्हणून लोकांना सोपी वाटते. पण ताण सहन करण्यात पेपर टेप सरस, आणि भिंत-छताच्या कोपऱ्यात तर पेपरच. जाळी वापरलीच तर तिच्यावर पावडरचंच कंपाउंड हवं.

खानदेशात खरा घोटाळा उन्हाने होतो. मे महिन्यात पारा ४४-४५ वर असताना बोर्डाचा कागद आणि कोरडी हवा मिळून कंपाउंडमधलं पाणी सेट होण्याआधीच शोषून घेतात. वरून वाळल्यासारखं दिसतं, पण नखाने ओरखडलं की पीठ पडतं. असा सांधा खरवडून पुन्हाच करावा लागतो. म्हणून सकाळी लवकर हात घाला, पंखा बंद ठेवा, पेपर टेप क्षणभर पाण्यातून काढून मगच लावा. बादलीत आधी पिण्याचं पाणी, मग पावडर. बोअरचं खारं पाणी नको. पिशवीवर दिलेल्या वेळेत संपेल एवढंच कालवा. घट्ट व्हायला लागलेल्या मालात पाणी घालून तो परत जिवंत करता येत नाही. आणि बादलीला जुना सेट झालेला माल चिकटला असेल, तर नवा लवकर सेट होतो.

पहिला थर कडक झाल्यावर ८ इंची पट्टीने दुसरा, मग १२ इंचीने तिसरा, कडा शून्यावर आणत. चौकोनी कडांच्या सांध्यावर हा फैलाव दीड-दोन फुटांपर्यंत न्या, म्हणजे फुगवटा नजरेत येत नाही. स्क्रूच्या डोक्यांनाही दोन हात द्या. पावसाळ्यात प्रत्येक थराला चोवीस तास लागू शकतात.

पत्र्याच्या घरात एक गोष्ट वेगळी. दिवसभर तापलेला पत्रा आणि त्याखालचे लोखंडी अँगल ताणतात, रात्री आकसतात. सीलिंगची चौकट थेट त्यांना घट्ट जखडली, तर कुठलीही टेप टिकणार नाही. चौकट हँगरवर, म्हणजे वरून सोडलेल्या लोंबत्या आधारांवर लटकवा, भिंतीलगत टेप न मारता तीन-चार मिलिमीटर फट ठेवून ती रंगवता येणाऱ्या अ‍ॅक्रिलिक सीलंटने भरा. पत्रा कुठे गळतो का, हेही आधी बघा. भिजलेला बोर्ड टेपने सुधारत नाही, बदलावाच लागतो.

सगळं वाळल्यावर हलकं घासा, कागदाची लव उठू देऊ नका. छताला समांतर टॉर्च धरली की खड्डे-उंचवटे लगेच सापडतात. मग पूर्ण छताला प्रायमरचा एक हात, नाहीतर कागद आणि कंपाउंड पाणी वेगवेगळं शोषतात आणि रंगातून सांध्यांचे पट्टे दिसतात. त्यानंतर पुट्टी. खिडकीतला कूलर पुट्टी पक्की वाळेपर्यंत सुरू करू नका.