अ‍ॅक्सेसची डेटाबेस फाइल अनेकांनी वापरताना

खानापूर किंवा निपाणीतील एखाद्या पतसंस्थेत तीन-चार संगणकांवरून एकच सभासद-नोंदवही चालवायची असेल, तर मायक्रोसॉफ्ट अ‍ॅक्सेस या नोंदी ठेवण्याच्या प्रोग्रामची फाइल सामायिक फोल्डरमध्ये टाकून सर्वांनी तीच उघडणे सोपे खरे, पण त्यात फाइल बिघडण्याचा धोका मोठा. मूळ फाइलची प्रत काढून ‘डेटाबेस टूल्स’मधील सोयीने तिचे दोन भाग करावेत: माहितीचे तक्ते सर्व्हरवर, म्हणजे सामायिक फोल्डर असलेल्या संगणकावर, राहतात, आणि फॉर्म, क्वेरी (नोंदी शोधण्याच्या सूचना) व अहवालांची स्वतंत्र प्रत प्रत्येकाच्या संगणकावर जाते. तक्ते जोडताना ड्राइव्हचे अक्षर न वापरता सर्व्हरच्या नावाने सुरू होणारा पूर्ण मार्ग द्यावा, कारण तेच अक्षर सर्व संगणकांवर असेलच असे नाही.

फोल्डरवर वाचण्याचा, लिहिण्याचा आणि पुसण्याचाही अधिकार हवा. पहिल्याने फाइल उघडताच तिच्याशेजारी त्याच नावाची एक छोटी लॉक फाइल तयार होते, आणि शेवटचा बाहेर पडला की ती आपोआप पुसली जाते. सगळे घरी गेल्यावरही ती दिसत असेल, तर कुठेतरी अ‍ॅक्सेस उघडे राहिले आहे किंवा पुसण्याचा अधिकारच दिलेला नाही, असे समजावे.

वायफाय टाळून केबलच वापरावी. पावसाळ्यात वीज जाते तेव्हा संगणकाबरोबर नेटवर्कचा स्विचही यूपीएसवर असावा. हे हमखास विसरले जाते. फाइलची मर्यादा २ जीबी आहे, म्हणून सभासदांची छायाचित्रे तीत साठवू नयेत. नावे मात्र युनिकोड या सर्व लिप्यांसाठीच्या सामायिक संकेतपद्धतीमुळे मराठी व कन्नड, दोन्ही लिप्यांत शेजारी-शेजारी ठेवता येतात.