निळ्या ताऱ्याचं आयुष्य कसं काढावं: आधी सरपण मोजा

‘सूर्याचं आयुष्य १,००० कोटी वर्षं. त्याला ताऱ्याच्या वस्तुमानाच्या २.५ व्या घाताने भागा, झालं!’ हा सल्ला कुठेही मिळतो. त्यामागचं गृहीत असं: इंधन वस्तुमानाच्या प्रमाणात असतं, पण तेज वस्तुमानाच्या ३.५ व्या घाताने वाढतं. त्याने १०० सूर्यांइतका जड तारा एक लाख वर्षांत विझतो. असा तारा प्रत्यक्षात ३० लाखांच्या आसपास जगतो. तीसपट चुकणाऱ्या गणिताला अंदाज म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

एक खरा तारा घेऊन बसू. मृगात व्याधाच्या बाणाखाली जो धूसर ठिपका दिसतो, तो तेजोमेघ, म्हणजे चमकणाऱ्या वायूचा ढग. छोट्या दुर्बिणीतून त्याच्या पोटात चार तारे दाटीने दिसतात, त्यांचं नाव ट्रॅपेझियम. त्यातला सगळ्यात ठळक थीटा-१ ओरायनिस सी. त्याच्या पृष्ठभागाचं तापमान सुमारे ३९,००० केल्विन आहे, म्हणूनच तो निळा. एक जोडीदार त्याच्याभोवती साधारण ११ वर्षांत फेरी मारतो आणि त्या फेरीवरून याचं वस्तुमान सूर्याच्या ३३ पट निघतं. शेजारचा राजन्य (रायजेल) मात्र घेऊ नका. तोही निळाच आहे, पण गाभ्यातला हायड्रोजन संपवून बसलेला महाराक्षसी तारा आहे. त्याच्या आजच्या तेजावरून आयुष्य काढणं म्हणजे म्हाताऱ्याच्या औषधांच्या बिलावरून त्याचा जन्मभराचा घरखर्च काढणं.

आता तेजस्विता काढा, म्हणजे तारा दर क्षणी एकूण किती ऊर्जा बाहेर टाकतो ते. दृश्यप्रत (आकाशात तो किती ठळक दिसतो त्याचा आकडा) ५.१, अंतर साधारण १,३४० प्रकाशवर्षं. एवढ्यावरून तो फक्त १,३०० सूर्यांइतका तेजस्वी येतो. इथे थांबलात तर सगळं फसलं. वाटेतली धूळ त्याचा बराच प्रकाश खाते, म्हणून पाच-सहापट वाढवा. शिवाय इतक्या तापलेल्या ताऱ्याचा उजेड मुख्यतः अतिनील असतो, डोळ्यांना दिसतच नाही. त्यासाठी आणखी २५-३० पट. आकडा दोन लाख सूर्यांपाशी पोचतो.

आता अवघड पायरी. इथे माझे दोन आठवडे गेले होते.

मी सरळ भागाकार केला होता. ३३ सूर्यांइतकं सरपण, दोन लाख सूर्यांइतका खर्च, गुणिले १,००० कोटी. उत्तर आलं साडेसोळा लाख वर्षं. ते मी एका आकाशदर्शनाच्या रात्री शंभरेक लोकांना छातीठोकपणे सांगितलंही. पुढे संगणकी प्रतिमानांचा एक तक्ता हाती आला. त्यात एवढ्या वस्तुमानाच्या ताऱ्यापुढे ५० लाखांच्या आसपासचा आकडा होता. आधी वाटलं, कुठेतरी शून्य चुकलं. मग घातांकावर संशय घेतला. ३.५ चा ३ केला, परत ३.५ केला, वहीची पानं भरली. बऱ्याच उशिरा डोक्यात प्रकाश पडला: तेजस्विता तर मी मोजलेलीच वापरतोय, या भागाकारात घातांक आहेच कुठे?

खोट होती त्या १,००० कोटींत. सूर्याच्या त्या आकड्यात एक गोष्ट गुपचूप धरलेली असते. सूर्य आपल्या वस्तुमानाच्या जेमतेम १० टक्के एवढंच इंधन जाळणार. त्याचा गाभा ढवळला जात नाही. चुलीत मधलं लाकूड जळतंय, कडेची तशीच पडलीत आणि सारायला कोणी नाही, अशी त्याची गत. जड ताऱ्यात हायड्रोजन कार्बन-नायट्रोजन-ऑक्सिजनच्या चक्रातून जळतो. ती आग तापमानाला इतकी हळवी असते की सगळी उष्णता अगदी मध्यातच तयार होते. ती बाहेर नेण्यासाठी अख्खा गाभा उकळत्या आधणासारखा खालीवर होतो. म्हणजे लाकडं सतत पुढे सारली जातात. तारा जितका जड, तितका हा ढवळला जाणारा भाग मोठा.

म्हणून १,००० कोटी विसरा. १०,००० कोटींपासून सुरुवात करा. सूर्याने आजच्या वेगाने स्वतःला पूर्णपणे जाळलं असतं, तर साधारण तेवढी वर्षं लागली असती. त्याला खरोखर जळणाऱ्या वाट्याने गुणा, मग वस्तुमान भागिले तेजस्विता. माझ्या वहीत हा वाटा असा आहे: १० सूर्यांच्या ताऱ्याला १८ टक्के, २० ला २५, ३३ ला ३०, ६० ला ४०. मधले आकडे नजरेने धरा. आपल्या ताऱ्यासाठी: १०,००० कोटी × ०.३ × ३३ ÷ २ लाख. आलं सुमारे ५० लाख.

घातांक निर्दोष आहे असं मात्र नाही. साधारण ३३ पर्यंत ३.५ चालतो, पुढे तो लंगडतो. १०० सूर्यांच्या ताऱ्याला तो एक कोटी सूर्यांचं तेज देतो, म्हणजे सूर्याएवढ्या दर वस्तुमानामागे एक लाख. एडिंग्टनच्या मर्यादेप्रमाणे हे गुणोत्तर ३५-४० हजारांच्या वर गेलं, तर प्रकाशाचा दाबच ताऱ्याला उडवून लावेल. त्यामुळे जड ताऱ्यांचं तेज हळूहळू वस्तुमानाच्या प्रमाणातच वाढू लागतं आणि आयुष्य ३० लाखांच्या आसपास अडकतं. ४० च्या वर तेजस्विता सूत्राने काढूच नका, मोजलेलीच घ्या.

हायड्रोजन जळून झालेला हेलियम तारा नंतर जाळतो, त्या काळासाठी शेवटी दहाएक टक्के मिळवा. वेगाने फिरणारा तारा त्याहूनही थोडा जास्त जगतो, कारण फिरण्यामुळे गाभ्यात ताजा हायड्रोजन मिसळत राहतो. उत्तर ‘५० ते ६० लाख’ असं लिहा. ५४,४५,००० लिहिणाऱ्याची वही मी तपासत नाही.