कॅमलच्या रूटमध्ये ग्रूव्ही लिहिताय? या चुका टाळा

आंबिया बहाराची संत्री नागपूरच्या कळमना बाजारात उतरू लागली की वजनकाट्यावर गाड्यांची रांग लागते. त्या काट्याचे मेसेज आमच्या अपाची कॅमलच्या (वेगवेगळ्या सिस्टीम जोडणारं जावातलं साधन) रूटमधून, म्हणजे मेसेजच्या ठरवून दिलेल्या वाटेवरून, जायचे. भरल्या गाडीच्या वजनातून रिकाम्या गाडीचं वजन वजा करायला त्यात ग्रूव्हीचा, म्हणजे जावासोबत चालणाऱ्या स्क्रिप्ट भाषेचा, चार ओळींचा कोड लिहिला. लॉगमध्ये एकही एरर नाही, पण पुढच्या सिस्टीमला मूळचाच मेसेज पोहोचत होता. गायत्रीनगरच्या आयटी पार्कात अख्खी दुपार आम्ही वजाबाकीच तपासत बसलो.

वजाबाकी बरोबर होती, कोड ठेवायची जागा चुकली होती. तो आम्ही 'स्क्रिप्ट' या पायरीत टाकला होता. ही पायरी कोड चालवते आणि त्याचं उत्तर सोडून देते. बॉडी, म्हणजे मेसेजचा मुख्य मजकूर, होती तशीच राहते. उत्तर बॉडीत हवं असेल तर तोच कोड 'सेटबॉडी' किंवा 'ट्रान्सफॉर्म'मध्ये लिहा. एरर येत नाही म्हणूनच ही चूक सगळ्यात जास्त वेळ खाते.

दुसरी चूकही वजनाचीच. हेडरमधून, म्हणजे मेसेजसोबतच्या जोडमाहितीतून, आलेला आकडा बहुतेक वेळा मजकूर असतो. दोन्ही बाजूंना मजकूर असला की ग्रूव्ही अक्षरानुसार तुलना करतो, आणि ९५० हे १२०० पेक्षा मोठं ठरतं, कारण ९ हा १ च्या नंतर येतो. तुलनेआधी दोन्हींचा आकडा करून घ्या. संशय आला तर कॅमलचा 'लॉग' घटक रूटमध्ये लावा; तो बॉडीचा प्रकारही छापतो. मी आता कोड वाचण्याआधी तोच लावतो.

पहिल्यांदा वाचताना बॉडी दिसते आणि दुसऱ्यांदा रिकामी? मग ती स्ट्रीम आहे, एकदा वाचली की संपते. कॅमल ४ मध्ये स्ट्रीम कॅशिंग, म्हणजे ती पुन्हा वाचता यावी म्हणून साठवून ठेवणं, आपोआप चालू असतं. जुन्या आवृत्तीत ते चालू करा, नाहीतर स्क्रिप्टच्या आधीच बॉडीचं स्ट्रिंगमध्ये रूपांतर करा.

एक्सएमएलमधल्या रूटमध्ये 'पेक्षा लहान' आणि 'अँड'ची चिन्हं थेट लिहिली की फाइलच वाचली जात नाही. कोड सीडेटामध्ये, म्हणजे एक्सएमएल ज्यातली चिन्हं साधा मजकूर म्हणून वाचतं अशा भागात, ठेवा.

जुना जावास्क्रिप्ट रूट नव्या जावावर उचलणार असाल तर थांबा. जावासोबत येणारं नॅशहॉर्न हे जावास्क्रिप्ट चालवणारं इंजिन जावा १५ मध्ये काढून टाकलं. कॅमल ३ मधून, म्हणजे २०१९ मध्येच, जुन्या पद्धतीचे जावास्क्रिप्ट, पायथन, रुबी गेले, ग्रूव्ही राहिला. जावास्क्रिप्ट पुढे परत आलं, पण ग्रालव्हीएम या वेगळ्या प्लॅटफॉर्मच्या इंजिनावर. तेव्हा प्रत्येक स्क्रिप्ट पुन्हा चालवून बघा.

आणि बाहेरून आलेल्या मेसेजमधला मजकूर जोडून स्क्रिप्ट कधीही तयार करू नका. मेसेज पाठवणारा तुमच्या सर्व्हरवर हवा तो कोड चालवू शकतो. स्क्रिप्ट वेगळ्या फाइलमध्ये ठेवा, रूटमधून 'रिसोर्स' म्हणून वाचा, आणि बाहेरचा मजकूर आत फक्त बॉडी किंवा हेडर म्हणूनच येऊ द्या.