स्केल्डचा नकाशा पाठ कसा करायचा

दर शनिवारी रात्री जेवणं उरकली की आम्ही आठ-दहा मावस-मामेभावंडं ‘अमंग अस’ खेळायला जमतो. कोणी सांगलीहून, कोणी पुण्याहून, एक दादा दोह्याहून. २०२० च्या लॉकडाऊनपासूनचा हा शिरस्ता. या ऑनलाइन खेळात यानातल्या खेळाडूंमध्ये लपलेला मारेकरी, म्हणजे इम्पोस्टर, मीटिंगमध्ये चर्चा करून आणि मतं देऊन बाहेर काढायचा असतो. गेल्या महिन्यात धाकटी मावसबहीण पहिल्यांदा आली. मीटिंगमध्ये कोणीतरी विचारलं, “तू कुठे होतीस?” ती म्हणाली, “त्या कोपऱ्यातल्या खोलीत.” एवढ्यावरून सगळ्यांनी तिला यानाबाहेर काढलं, आणि ती इम्पोस्टर नव्हतीच. मला फार वाईट वाटलं. तिच्यासाठी लिहून काढलेलं हे टिपण आहे, पण कोणाही नवख्याला उपयोगी पडेल.

स्केल्ड हा या खेळातला एक नकाशा, म्हणजे एक आडवं यान आहे. नाक उजवीकडे, इंजिनं डावीकडे, एकूण चौदा खोल्या. सगळ्या एकदम पाठ करू नका. आधी मधला कणा धरा: वर कॅफेटेरिया, त्याच्या सरळ खाली स्टोरेज, दोघांना जोडणारा उभा बोळ, आणि त्या बोळातच उजव्या हाताला ॲडमिनचं दार. या कण्याच्या दोन्ही बाजूंना एकेक प्रदक्षिणा आहे. उजवी प्रदक्षिणा वेपन्सवरून निघते, ओ-टू (ऑक्सिजनची खोली) आणि नेव्हिगेशनच्या दारांवरून शील्ड्सला उतरते आणि कम्युनिकेशन्सवरून स्टोरेजला येते. डावी निघते ती मेडबेच्या दारावरून अपर इंजिनला, मग रिॲक्टर आणि सिक्युरिटी यांच्या मधून लोअर इंजिनला, आणि इलेक्ट्रिकलच्या दारावरून परत स्टोरेजला.

ॲडमिन, मेडबे, सिक्युरिटी, रिॲक्टर, इलेक्ट्रिकल, नेव्हिगेशन यांना एकच दार आहे. आत शिरण्याआधी मागून कोण येतंय ते बघा.

आता व्हेंट, म्हणजे जमिनीतली झडपं, ज्यांतून इम्पोस्टर एका खोलीतून दुसरीत निघतो. माझ्या मते खरा नकाशा हाच आहे, कारण इम्पोस्टर याच वाटांनी फिरतो. मेडबे, सिक्युरिटी आणि इलेक्ट्रिकल हे तिन्ही आतून जोडलेले आहेत. कॅफेटेरिया, ॲडमिन आणि नेव्हिगेशनबाहेरचा बोळ हा दुसरा त्रिकोण. रिॲक्टरमध्ये दोन व्हेंट आहेत, वरचं अपर इंजिनला निघतं, खालचं लोअर इंजिनला. नेव्हिगेशनमध्येही दोन: एक वेपन्सला, एक शील्ड्सला. स्टोरेज, कम्युनिकेशन्स आणि ओ-टूमध्ये व्हेंटच नाही.

पहिला त्रिकोण सगळ्यात घातक. इलेक्ट्रिकलमधून मेडबेत पायी जायचं तर स्टोरेज आणि कॅफेटेरिया ओलांडा, नाहीतर दोन्ही इंजिनांवरून वळसा घाला. व्हेंटमधून मात्र डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच माणूस पोचतो.

मागच्या शनिवारी मी ॲडमिनच्या टेबलावर उभी होते. या टेबलावर खेळाडूंचे रंग कळत नाहीत, फक्त कोणत्या खोलीत किती जण आहेत ते दिसतं. बोळातली माणसं तर दिसतच नाहीत. इलेक्ट्रिकलमध्ये दोघं होते आणि मेडबे रिकामं. बघता बघता इलेक्ट्रिकलमध्ये एक उरला आणि मेडबेत एक उगवला. मधल्या काळात ना स्टोरेजचा आकडा हलला, ना कॅफेटेरियाचा, ना इंजिनांचा. मी धावत इलेक्ट्रिकलला गेले, तर यंत्रांच्या आडोशाला गुलाबीची बॉडी. टेबल प्रेतालाही माणूस म्हणूनच मोजतं, म्हणून तिथे एक दिसत राहिला होता. मीटिंगमध्ये मामेभाऊ म्हणाला, “मी मघापासून मेडबेतच आहे.” मी म्हटलं, “मेडबे आत्ता-आत्तापर्यंत रिकामं होतं रे.” पुढे त्याला बोलताच आलं नाही.

सिक्युरिटीत चार कॅमेरे दिसतात, चारही बोळांतले: मेडबेबाहेरचा, ॲडमिनबाहेरचा, नेव्हिगेशनबाहेरचा आणि खुद्द सिक्युरिटीबाहेरचा. कोणी बघत असेल तर कॅमेऱ्यावर लाल दिवा लुकलुकतो, त्यामुळे इम्पोस्टरही सावध होतो. शिवाय पडद्यात डोकं घातलं की आपल्या पाठीमागे काय चाललंय ते दिसत नाही, आणि व्हेंट त्याच खोलीत आहे. जास्त वेळ बसू नका.

सॅबोटाज झाला, म्हणजे इम्पोस्टरने यानात बिघाड केला, की सगळे एकाच दिशेला पळतात, ही नवख्यांची नेहमीची चूक. रिॲक्टरला वर आणि खाली अशा दोन ठिकाणी दोघांनी एकाच वेळी हात ठेवावा लागतो, दहा जणांची गरज नसते. ओ-टूचा कोड दोन जागी टाकायचा असतो, एक ओ-टूमध्ये आणि दुसरा ॲडमिनमध्ये, त्यामुळे ज्याला जे जवळ त्याने तिकडे जावं. दिवे गेले तर दुरुस्ती इलेक्ट्रिकलमध्येच होते. तिथे एकट्याने जाऊ नका. कम्युनिकेशन्स बिघडलं की टेबल आणि कॅमेरे दोन्ही बंद पडतात, तेव्हा ते लवकर सोडवा.

सरावासाठी फ्रीप्ले, म्हणजे एकट्याने खेळायचा प्रकार, उघडा. आधी दोन्ही प्रदक्षिणा चाला, खोल्यांची नावं मोठ्याने म्हणत. मग कॅफेटेरियातल्या लॅपटॉपवरून स्वतःला इम्पोस्टर करा आणि प्रत्येक व्हेंटमध्ये उतरून बघा. मावसबहिणीला अर्धा तास लागला.

आणि मीटिंगमध्ये नुसती खोली सांगू नका, आलेला रस्ताही सांगा: “शील्ड्सवरून कम्युनिकेशन्सला गेले, तिथे डाऊनलोडचं काम केलं, मग स्टोरेज. दारात पिवळा भेटला.” पिवळ्याला लगेच विचारता येतं.