माळाची माती किती रेताड? बरणीत पाहा

गोकाक-सौंदत्तीकडच्या वालुकाश्माच्या टेकड्यांखाली चराऊ माळाची माती घेताना वाऱ्याने साचलेला वरचा थर आधी बाजूला सारा. तोच उचलला तर वाळू उगाच जास्त भरते. १५ सेंटिमीटरपर्यंतची माती वाळवून २ मिलिमीटरच्या चाळणीने चाळा. सरळ काचेच्या बरणीत एक तृतीयांश माती, वर पाणी, चमचाभर कपडे धुण्याची पावडर. पाच मिनिटं जोरात हलवा.

मिनिटभरात बसते ती वाळू. लगेच खूण करा. दोन तासांनी पोयट्याची, म्हणजे वाळूहून बारीक पण चिकणमातीहून जाड कणांची खूण. चिकणमातीला मात्र दिवस लागतो, कधी दोन. घाई केलीत तर ती कमीच दिसणार.

बसलेल्या मातीच्या एकूण उंचीत वाळूचा थर ७० टक्क्यांवर असेल तर पाणी झपकन खाली जातं. अशा माळावर पहिल्या पावसानंतर गवताने मूळ धरेपर्यंत गुरं सोडूच नका, खुरांनी कोवळी मुळं उपटून निघतात.